बिरू मुकादमाचा बिनठिणगीचा हंगाम

बिरूच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, तीही मातीची, आणि उंदरांनी तिला आमच्या सोयीचं एक भोक पाडून ठेवलं होतं. त्यामुळे परतूरच्या जिनिंगातल्या बाया ज्या मुकादमाला बघून पदर सावरायच्या आणि तोंडं मिटायच्या, तो मुकादम घरी काय करतो हे मला बराबर ठाऊक. घरी तो रागवायचा सराव करायचा.

सकाळचा भोंगा व्हायच्या आधी तो परसात यायचा, मिशीला बोटभर तेल चोपडायचा आणि शेळीपुढं उभा राहून आवाज चढवायचा. "उशीर का झाला? हं? जा, घरी जाऊन बस." शेळी पाला चघळत राही. चुलीपुढून त्याची बायको बायनाबाई म्हणायची, "ती घरीच हाय. आणखी कुठं बसावं म्हणता तिनं?" मी भिंतीपलीकडून मुद्दाम खोकायचो. मग परसात एकदम शांतता, आणि थोड्या वेळानं मुकादम गल्लीतून जाताना माझ्याकडं न बघता म्हणायचा, "बद्रीभाऊ, सर्दी लई दिवस राह्यली तुमची."

मी त्याच जिनिंगात काट्यावर होतो. गाड्यांतून आलेला कापूस तोलायचं काम, बसल्या जागेवरून सारं आवार दिसायचं. दुसरी लढाई अजून लागायची होती, निजामाचं राज्य होतं, आणि परतुरात हंगामाचे पाच-सहा महिने कापसापलीकडं दुसरी बातमी नसायची. म्हणजे बिरूची होती, पण ती मी पुरवायचो.

बिरू मूळचा पिंपळगाव रेणुकाईकडचा, मेंढरांमागं वाढलेला. एका पावसाळ्यात रोग आला आणि कळप बसला. उरलीसुरली मेंढरं भावाच्या हवाली करून नवरा-बायको परतूरला आले. आधी तो हमाल होता. पण रेचे, म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं, सगळे एकदम चालू झाले की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ओठ बघून समजून घ्यावं लागतं. बिरूची हाक मात्र त्या गोंगाटावरून पार बॉयलरपर्यंत जायची. म्हातारा मुकादम थकला तेव्हा मनीजरसाहेबांनी तेवढ्यावर ह्याला मुकादम केलं आणि एकच शिकवण दिली, "मुकादम का डर होना, बस."

बिचाऱ्यानं ती मंत्रासारखी धरली. मुळात हा भित्रा, बाईमाणसाशी बोलताना जमिनीकडं बघणारा गडी. त्याला वाटलं, डर ही मुकादमाच्या अंगात असायची चीज आहे, ती आपल्यात नाही, तर कमवायला पाहिजे. म्हणून ते तेल, म्हणून ती शेळी.

आता ठिणगीचं सांगतो. कापसात खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा आला आणि रेच्याच्या पात्याला घासला, की ठिणगी पडते. बाईजवळ ओलं तरट असतं, ती झटकन दाबते, आग विझते. पण एखादा पेटता धागा सरकी निघालेल्या रुईबरोबर पुढं गेलेला असू शकतो. म्हणून जुन्या मुकादमाची रीत अशी, की ठिणगी पडली की बाईनं ओरडायचं, रेचा थांबवायचा, आणि त्या रेच्याची रुई बाहेर उघड्यावर पसरून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. तसं न करता ती रुई प्रेसमध्ये दाबली, तर गठाणीच्या पोटात विस्तव राहतो. इतकी घट्ट दाबलेली असते की पाणी आत जात नाही आणि धूर बाहेर येत नाही. आतल्या आत दिवसचे दिवस धुमसत राहते, आणि मग कधीतरी वारा मिळाला की भडकते.

बिरूनं ह्या रीतीला आपली एक पुस्ती जोडली. ज्या बाईच्या रेच्यावर ठिणगी पडेल, ती बाई आठवडाभर घरी. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला त्याच दिवसांत तुळजाबाई घरी गेली. तिच्यामागून आणखी एक-दोघी गेल्या. त्यानंतर ठिणग्या पडायच्याच बंद झाल्या. पौष गेला, माघ गेला, दिवसपाळीत एक ठिणगी नाही. मनीजर खूश. पाडव्यापासून दोन्ही पाळ्यांची मुकादमी बिरूलाच द्यायची, असं त्यांनी शेठच्या कानावर घातलं.

मी त्याला एकदा विचारलं, "बिरू, साऱ्या तालुक्याच्या वावरातले खडे कुणी वेचून नेले रे? माझ्या काट्यावर तर अजून ओंजळभर निघून राह्यलेत."

"शिस्त हाय, बद्रीभाऊ," तो म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवला.

फाल्गुनातली दुपार होती. कितीतरी दिवस मागणी केल्यावर रेल्वेनं वॅगनी दिल्या होत्या, त्या आवारातल्या फाट्यावर उभ्या होत्या. संध्याकाळी सेलूकडून येणारी गाडी त्या जोडून नेणार. मनीजरसाहेब टेशनात कागद करायला गेले होते. प्रेसच्या हमालांचा म्होरक्या कचरू, त्याची माणसं थप्पीच्या गठाणी वॅगनीत चढवायला लागणार, तेवढ्यात तो माझ्या काट्यापाशी आला. बिरू तिथंच होता.

"मुकादम, जरा हिकडं या."

"काय हाय? जल्दी सांग."

"वास येऊन राह्यला. चिंधी जळल्यावानी."

"कुठून?"

"थप्पीतून. आत्ता होता, आत्ता न्हाई."

आम्ही तिघं गेलो. घराएवढी थप्पी, पाठीमागं रुईची खोली, पलीकडं फाट्यावर वॅगनी. आधी मला काही आलं नाही. मग वाऱ्याची झुळूक फिरली आणि आला. अगदी थोडा, विझवलेल्या वातीसारखा. मी काहीतरी चावट बोलणार होतो, ते राहून गेलं.

"कोणती?" बिरू म्हणाला.

"ते कळलं असतं तर तुमच्याकडं आलो असतो का?" कचरू म्हणाला. मग इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "मी म्हणतो, भरून टाकू. संध्याकाळी गाडीला लागल्या की आपलं काय? पुढं पेटली तर पेटली. कुणाच्या पाळीची, कोण पुसतंय."

बिरूनं वॅगनींकडं पाहिलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनातही तेच आलं होतं. पाडवा तोंडावर होता.

"त्या गाडीला माणसांचे डबे असतात, कचरू," बिरू शेवटी म्हणाला.

"मंग साहेबाला सांगा."

"सांगतो. पण साहेब पुसतील कोणती गठाण, मंग काय सांगू? सगळ्या थप्पीला वारा लावून चालतंय का? एक भडकली की रुईची खोली गेली, वॅगनी गेल्या." त्यानं कचरूची माणसं थांबवली. "एक बी गठाण हलवायची न्हाई."

मग त्यानं जे केलं ते मेंढक्याशिवाय दुसरं कुणी केलं नसतं. ताप आलेलं मेंढरू ओळखायला मेंढके त्याच्या कानाला गाल लावतात. बिरू थप्पीवर चढला आणि एकेका गठाणीला गाल लावत सुटला. वरून खाली, खालून वर. फाल्गुनाचं ऊन सकाळपासून त्या तरटांवर पडत होतं. सगळ्याच गठाणींना ताप. खाली उतरला तेव्हा त्याच्या एका गालाला तरटाचे वळ उमटले होते आणि मिशीचं तेल धुळीत कालवलं होतं. हसण्यासारखं होतं ते. हमालांपैकी कुणी हसलं नाही.

वास आता मधून मधून नव्हता. राहत होता.

बिरूनं रेचे बंद करायला सांगितले. बाया बाहेर आल्या, केसांत, भुवयांत रुई, सगळ्या एका वयाच्या दिसणाऱ्या. तो कापसाच्या ढिगावर चढला, नेहमी चढायचा तसा, आणि नेहमीच्या आवाजात सुरू झाला.

"ह्या आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या रेच्यावर ठिणगी पडली? खरं सांगा. न्हाईतर सगळ्यांला घरी पाठवीन."

बाया जमिनीकडं बघत उभ्या.

"मुक्या झाल्या का? कुणाच्या रेच्यावर?"

मागून कुणीतरी हळू म्हणालं, "कुणाच्याच न्हाई, मुकादम."

"कुणाच्याच न्हाई," दुसरीनं री ओढली.

बिरूनं आणखी आवाज चढवला. जितका तो चढवी तितक्या त्या मिटत जात. शेवटी तो खाली उतरून माझ्याकडं आला. घामानं सदरा चिकटला होता.

"बद्रीभाऊ, खोटं बोलून राह्यल्या ह्या."

"तूच शिकवलं," मी म्हणालो. "सारा हंगाम शिकवलं. आता एका दुपारीत विसरतील व्हय?"

मला वाटलं, हा आता माझ्यावर धावून येणार. पण तो माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावरून ती कमावलेली डर अशी उतरली की शेळीसुद्धा ओळखती ना. मग तो परत गेला. ह्या वेळी ढिगावर चढला नाही. बायांच्या मधोमध, धुळीत, मांडी घालून खाली बसला. पागोटं काढलं आणि मांडीवर ठेवलं. मुकादम बसलेला त्या आवारात कुणी पाहिला नव्हता. दोन-तीन बाया आपोआप मागं सरल्या.

"आमच्या तळावर," तो म्हणाला, आणि आवाज इतका साधा की मला काटा सोडून जवळ जावं लागलं, "सांजेला मेंढरू कमी भरलं, तर माझा आजा कुणाला पुसायचा न्हाई. आधी असा बसायचा. त्याच्या हातून गेलेलं मेंढरू आधी सांगायचा, झोप लागली म्हून गेलं असंल तर तसं सांगायचा. मंग बाकीच्यांनी सांगायचं." त्यानं बायांवरून नजर फिरवली. "तर माझं ऐका. तुळजाबाई कुठं हाय?"

"हितंच हाय. घरी पाठवतो का पुन्हा?" तुळजाबाई मागून म्हणाली. ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हती.

"तुझ्या रेच्यावर दिवाळीनंतर ठिणगी पडल्ती. ती खड्याची नव्हती. माझ्या वहाणेचा खिळा होता. मी कापसावर चढून उभा राह्यचो, तव्हा निसटून पडला. रेच्याखाली मलाच गावला. मी खिशात घातला आन तुला घरी पाठवलं. साहेब बघून राह्यले होते, म्हून."

बायनाबाई भाकरीची दुरडी घेऊन फाटकातून आत आली होती, ती तिथंच उभी राहिली.

तुळजाबाई पुढं आली. तिनं बिरूच्या पायांकडं पाहिलं, वहाणांकडं. मला वाटलं थुंकते आता.

"आठवडाभर माझ्या लेकरांनी काय खाल्लं, पुसलं व्हतं का कुणाला?"

"न्हाई."

"मी साऱ्या गल्लीला सांगत फिरले, माझा हात चुकला म्हून."

"तुझा चुकला नव्हता. काय करायचं ते कर माझं. पन आज ही गठाण गावली न्हाई, तर गाडीतली माणसं जातील न्हाईतर ही खोली जाईल. मी कुणाला घरी पाठवणार न्हाई. आता माझ्या ह्या बोलण्यावर इस्वास ठेवायचं तुमाला काही कारण न्हाई, ते बी मला कळतंय."

तुळजाबाईनं पदर कमरेला खोचला. "हे आधी विझू दे. मंग बघते तुझ्याकडं," ती म्हणाली आणि मागं वळली. "गोजरमावशी, बोल की. माझ्यासंगं बोललीस ते त्याला सांग."

गोजरबाई जिनिंगातली सगळ्यांत जुनी बाई. ती म्हणाली, "लेकरा, माझ्या घरात मिळवणारं दुसरं कुणी न्हाई."

"ठाऊक हाय, मावशी."

"यंत्राचा पट्टा तुटला त्या दिशी. सकाळी, तुटायच्या आधी. दोनदा पडली ठिणगी. मी दाबली. रुई पुढं गेली." मग घाईघाईनं, "मी वरडणार व्हते. तू ढिगावर उभा व्हतास."

पट्टा तुटला तो दिवस सगळ्यांना आठवत होता. पण त्या दिवसाच्या गठाणी थप्पीत कुठं, ते कुणाला सांगता येईना. पट्टा जोडल्यावर दिवसभर प्रेस चालली होती आणि नंतर गठाणी दोनदा हलवल्या होत्या. बिरूनं कचरूकडं पाहिलं. कचरू टाचेनं माती उकरत होता.

"कचरू?"

"पट्टा जोडल्यावर सकाळच्या रुईच्या पहिल्या ज्या गठाणी बांधल्या," कचरू म्हणाला, "त्यांना बांधायला नव्या लोखंडी पट्ट्या नव्हत्या. आणायला माणूस गेल्ता, तो आलाच न्हाई. मी जुन्या गंजक्या पट्ट्या मारल्या. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही..." त्यानं थप्पीकडं बोट दाखवलं. "गंजक्या पट्टीच्या बघा. खालच्या थरात असतील, मीच खाली दडपल्या."

लांबून, सेलूच्या अंगानं, इंजिनाची शिटी आली. अजून दूर होती.

थप्पी उतरवायला हमालांबरोबर बाया लागल्या. मीही लागलो, काट्यावर बसून बसून पोट सुटलेला माणूस, माझा उपयोग किती ते विचारू नका. वरच्या गठाणी फाट्याच्या बाजूला, वाऱ्यावर येणार नाहीत अशा रचल्या. खालच्या थरात गंजक्या पट्ट्या दिसायला लागल्या. एक, मग बाजूला दुसरी, मग आत तीन-चार. विहिरीपलीकडं मोकळं रान होतं, तिथं त्या लोटत नेल्या. बायांनी विहिरीचं पाणी आणि ओली माती आणून ठेवली.

पट्ट्या कापायची मोठी कातर बिरूनं कुणाला दिली नाही. "लांब व्हा समदे," एवढंच म्हणाला. दाबलेल्या गठाणीची पट्टी तुटली की चाबकासारखी उसळते, माणसाचा डोळा घेऊन जाते. पहिली कापली. गठाण फुगून पसरली, आत पांढरीशुभ्र. दुसरी कापली, पांढरी. मला नको ते वाटायला लागलं, की हे सगळं फुकट, विस्तव तिकडं थप्पीतच आहे आणि आपण इकडं माती घेऊन उभे.

तिसरीला पट्टी तुटली आणि आतून आधी वास आला, मग तपकिरी रुईचा एक गोळा उघडा पडला. वारा लागताच त्याच्या पोटात लाल दिसलं. बिरू मागं हटण्याआधी ज्वाळा वर आली.

"माती," तुळजाबाई ओरडली.

बाया धावल्या. माती, पाणी, ओली तरटं, पुन्हा माती. धुरात बिरू कुठं दिसेना. मग दिसला, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती ओढत होता. बायनाबाईनं दुरडी टाकून त्याला सदऱ्याला धरून मागं खेचलं. "हात बघा तुमचे," ती म्हणाली. हात भाजले होते. अर्धी मिशी नव्हती.

त्या धुरात मनीजरसाहेब फाटकातून आत आले. फुटलेल्या गठाणी, उतरवलेली थप्पी, बंद पडलेले रेचे, आणि रिकाम्या वॅगनी.

"ये क्या लगा रखा है? किसके हुकुम से खोले गठान?"

"मी खोलल्या, साहेब," बिरू म्हणाला. "एकीत विस्तव होता."

साहेबांनी काळ्या ढिगाकडं पाहिलं. तोंडाचा रंग बदलला, पण आवाज बदलला नाही. "किसका रेचा?"

गोजरबाई पुढं यायला लागली. बिरूनं तिच्याकडं न बघता भाजलेला हात आडवा केला.

"मुकादम मी. पाळी माझी."

"नाम पूछा मैंने. नाम बोल, नहीं तो तू भी घर जा."

"जातो, साहेब. पन नाव न्हाई सांगत. ह्याच डरानं ठिणग्या लपल्या सारा हंगाम. आज मला एकीनं सांगितलं म्हून गावलं. तिचं नाव सांगितलं, तर उद्या कुणी सांगणार न्हाई, मला बी न्हाई आन तुमाला बी न्हाई."

गाडी टेशनात शिरत होती. ह्या वॅगनींसाठी त्यांनी किती आर्जवं केली होती ते सगळ्यांना माहीत होतं. ते एकदा गाडीकडं बघत, एकदा त्या काळ्या मातीकडं. माझ्या हिशेबानं त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट फिरत असणार, की ही गठाण त्यांच्या सहीनं गेली असती.

"बाकीचे जल्दी भरो," ते शेवटी म्हणाले. "गार्ड को मैं रोकता." आणि जाताजाता बिरूला, "पाडवे की बात भूल जा."

"बरं, साहेब."

गाडी उशिरानं गेली, पण गेली. दोन्ही पाळ्यांची मुकादमी गेली ती गेलीच. दिवसपाळी तेवढी राहिली, तीही हंगाम संपत आलेला आणि दुसरा माणूस हाताशी नव्हता म्हणून, असं मनीजरसाहेब बरेच दिवस सांगत.

तुळजाबाईनं आपला हिशेब सोडला नाही. हात बरे झाल्यावर तिनं बिरूला आपल्या रेच्यावर बसवलं, दिवसभर. कापूस घालायचा, सरकी बघायची, मान वर करायची नाही. स्वतः ढिगावर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "उशीर का होऊन राह्यला? हं?" बाया पदरात तोंड लपवून हसत होत्या. बिरूची मिशी तेव्हा एका बाजूनं खुरटी होती. संध्याकाळी घरी आला तर पाठ सरळ होईना. मी भिंतीपलीकडून खोकलो. बायनाबाई म्हणाली, "झोपले ते, भावजी. उद्या चिडवा."

पुढच्या हंगामात मुकादम ढिगावर चढला नाही. साधी, बिनखिळ्याची चामड्याची वहाण घातली. ठिणगी पडली की बाई ओरडायची, आणि तो आला की आधी विचारायचा, "रुई कुठवर गेली?" नाव विचारायचा नाही, रेच्यापाशी बाई उभीच असते, नाव काय विचारायचं. शेळीपुढचा सराव हळूहळू सुटला. पूर्ण नाही. कधीमधी सकाळी आवाज चढायचा, आणि मधेच थांबून नव्यानं, हलक्या आवाजात सुरू व्हायचा. हे दुसरं त्याला जास्त अवघड जात होतं, हे भोकातून मला स्पष्ट ऐकू यायचं.

त्या हंगामात झालं असं, की दिवसपाळीत ठिणग्याच ठिणग्या. रुई उघड्यावर वाळत घातल्यासारखी रोज पसरलेली. मनीजरसाहेब वैतागले. माझ्या काट्यापाशी उभे राहून त्यांनी बिरूला खडसावलं, "रातपाली में एक भी नहीं, और तेरे यहाँ रोज! मुकादम है कि कौन है तू?"

बिरू जमिनीकडं बघत होता, जुन्या सवयीनं. मग वर बघितलं.

"पडत तिथं बी असतील, साहेब. कापूस तर एकाच काट्यावरनं जातो. पुसा बद्रीभाऊला."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सकाळपासून निघालेले खडे डब्यात ठेवले होते, तो डबा हलवून दाखवला. साहेब निघून गेले. त्यानंतर कितीतरी दिवस, रातपाळीच्या गठाणी बाहेर आल्या की ते कुणी बघत नाहीसं पाहून एकेकीला नाक लावत फिरायचे. मी बघत होतो, आणि ही बातमी मी परतुरात कशी पसरवली ते तुम्हाला सांगायला नको.